पहिल्या चकरेचा मान

ज्ञानेश मंडलिकने तो तक्ता हॉलच्या भिंतीवर चिकटवला तेव्हा सुवर्णाला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे. पण दिवाळीनंतर लागलेला तक्ता पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच होता. मधल्या काळात त्याला खालून एक कागद जोडला गेला, मग उजवीकडून एक, आणि तो टीव्हीच्या मागे शिरायला लागला तेव्हा टीव्ही सरकवावा लागला.

तक्त्यावर एका जुन्या मोटरसायकलची दुरुस्ती होती. म्हणजे कोणतं काम कधी आणि कशानंतर करायचं, त्याचे आडवे रंगीत पट्टे. ज्ञानेश सातपूरच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होता. कोणता सुटा भाग कोणत्या मशीनवर कधी चढेल हे कागदावर मांडणं त्याचं काम, आणि ते तो चांगलं करी. मोटरसायकल मात्र जिथल्या तिथे होती. मखमलाबादला सासऱ्यांच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली.

झालं होतं असं, की शहाण्णवच्या दिवाळीत दोन्ही जावई मळ्यात जमले होते. थोरल्या मोहिनीचा नवरा किशोर ओझरच्या विमान कारखान्यात होता. तो तिथे नेमकं काय करतो हे घरात कुणी विचारलं नव्हतं. विमान या शब्दापुढे कुणाचा प्रश्न टिकत नसे. जेवणं झाल्यावर सासूबाई, सरुबाई, म्हणाल्या की शेडमध्ये क्रेट ठेवायला जागा पुरत नाही. किशोरने लगेच सांगून टाकलं, ती राजदूत भंगारात द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

सासरे गोटीराम माळोदे पानाला चुना लावत होते, तो हात तेवढा थांबला. ही गाडी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, सहादूने, त्र्याहत्तर साली मिळून घेतली होती. सहादू चालवायचा, गोटीराम मागे बसायचे. थोरल्याने आरामात बसायचं आणि धाकट्याने हँडल धरायचं, ही आमच्या घरची रीत, असं गोटीराम सांगत. वणी, सापुतारा, लासलगाव, सगळीकडे दोघं भाऊ त्या गाडीवर हिंडले. शहाऐंशी साली सहादू आजाराने गेला आणि गोटीरामांनी गाडीवर गोणपाट टाकलं. पुन्हा तिला हात लावला नाही. भावाच्या आठवणीने त्यांना ती बघवत नाही, असं सगळे म्हणत आणि विषय तिथेच सोडून देत.

ज्ञानेशला तो थांबलेला हात दिसला. किशोरचा चेहराही दिसला. दोन्हींपैकी कशामुळे, ते त्याला पुढे कधी ठरवता आलं नाही, पण तो बोलून गेला, की भंगारात कशाला, मी नवी करून देतो. नवी म्हणजे होती त्यापेक्षा चांगली.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मोहिनीने विचारलं, तुम्हाला या गाडीतलं कळतं का.

“पॉलिटेक्निकला तीन वर्षं आमच्याकडे हीच होती,” ज्ञानेश म्हणाला.

वाक्य तसं खोटं नव्हतं. गाडी खोलीतल्या मित्राची होती आणि ज्ञानेश तीन वर्षं मागे बसला होता. स्वतः चालवली एकदाच, आणि ती थेट होस्टेलच्या वॉचमनच्या बाजेवर गेली. बाजेवर वॉचमन झोपलेला होता. त्याला काही लागलं नाही. तो फक्त उठून बसला आणि बराच वेळ ज्ञानेशकडे बघत राहिला. ते बघणं ज्ञानेश विसरला नव्हता. त्यानंतर त्याने इंजिन असलेल्या कुठल्याही वस्तूचं हँडल धरलं नाही. कंपनीची बस सिडकोत दारावरून जाते, गाडीची गरजच काय, असं तो सुवर्णाला लग्नापासून सांगत आला होता, आणि तिला ती काटकसर वाटत होती.

भाऊबीज झाली आणि तक्ता सुरू झाला. पहिला तक्ता साधा होता. इंजिन, वायरिंग, रंग, आणि शेवटी एक लहानसा चौकोन, त्यात लिहिलेलं होतं ‘ट्रायल’. ट्रायल अर्थात ज्ञानेशने घ्यायची होती. तो चौकोन जवळ यायला लागला की त्याला एखादी सुधारणा सुचे. हेडलाइट मोठा पाहिजे. मोठा हेडलाइट म्हणजे वायरिंग बारा व्होल्टचं पाहिजे. मग बॅटरी मोठी, बॅटरी मोठी म्हणजे पेटी मोठी, पेटी मोठी म्हणजे सीट उचलायला हवी, सीट उचलली की मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायला हवेत. प्रत्येक सुधारणा आधीच्या सुधारणेतून रीतसर निघत होती. खात्यातल्या साहेबांनी तपासली असती तरी त्यांना चूक सापडली नसती. दर वेळी तो चौकोन खोडरबराने पुसला जाई आणि वीतभर उजवीकडे सरके.

या कामात गोटीरामांची मोठी साथ होती. एखाद्या रविवारी ते भाजीची पिशवी घेऊन सिडकोत येत आणि हात मागे बांधून तक्त्यासमोर उभे राहत. घाई करू नका, काम पक्कं झालं पाहिजे, असं बजावत. एकदा त्यांनी क्रेट बसतील असं मागचं कॅरिअर सुचवलं. एकदा म्हणाले, पुढे लेगगार्ड नाही दिसत तुमच्या कागदावर. ज्ञानेशने लगेच पट्टा ओढला, आणि दोघंही समाधानाने चहाला बसले. वडील काकांच्या गाडीसाठी किती जीव टाकतात, असं सुवर्णाला वाटे आणि तिला भरून येई.

गणपतीत पुन्हा सगळे मळ्यात जमले. किशोरने विचारलं, गाडी कुठवर आली. ज्ञानेशने नियोजन शेवटच्या टप्प्यात असल्याचं सांगितलं.

“ज्ञानेशराव, एवढ्या दिवसांत आमच्याकडे आख्खं विमान उघडून परत जोडून होतं,” किशोर म्हणाला.

सगळे हसले. ज्ञानेशही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. सुवर्णा हसली नाही. आपल्या माणसाला दहा लोकांत असं बोललेलं तिला लागलं, आणि तिने मनाशी काहीतरी ठरवलं.

दसऱ्याच्या आधी ज्ञानेशला कंपनीने ट्रेनिंगसाठी बारा दिवस पुण्याला पाठवलं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुवर्णाने तक्ता भिंतीवरून काढला, गुंडाळी केली आणि मखमलाबाद गाठलं. गोटीराम म्हणाले, जावईबापूंना येऊ दे. मग म्हणाले, टेम्पो फुलांच्या गडबडीत आहे. मग म्हणाले, माझा गुडघा दुखतो, गाडी चढवायला माणसं नाहीत. सुवर्णाने शेजारच्या मळ्यातले चार जण बोलावले आणि गाडी टेम्पोत चढवली.

सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत झिपरू नावाच्या मिस्त्रीची पत्र्याची टपरी होती. सुवर्णा ब्लाउज शिवायची, तिच्या एका गिऱ्हाइकाने त्याचं नाव सांगितलं होतं. झिपरू सुरगाण्याकडचा. तिकडच्या घाटात बंद पडणाऱ्या जीपगाड्या दुरुस्त करत करत शिकलेला. बोलायचा कमी. सुवर्णाने त्याला गाडी दाखवली, तक्ता दिला आणि सांगितलं, यात सगळं लिहिलेलं आहे. झिपरूने तक्ता आदराने दोन्ही हातांनी घेतला. नऊ दिवसांत गाडी तयार झाली.

शुक्रवारी ज्ञानेश पुण्याहून आला तर भिंतीवर तक्त्याच्या जागी रंगाचा उजळ चौकोन होता. सुवर्णाने पाण्याचा पेला देता देता सगळं सांगितलं. गाडी झाली, झकास झाली, रविवारी मळ्यात पूजा आणि जेवण, मोहिनीताई आणि भाऊजी येणार आहेत, झिपरूलाही बोलावलं आहे. ज्ञानेश “अरे वा” म्हणाला आणि खांद्यावरची बॅग न काढताच खुर्चीत बसला.

शनिवारी तो टपरीवर गेला. गाडी बाहेर उभी होती. काळी, चकचकीत, जशी त्र्याहत्तर साली दुकानातून निघाली असेल तशीच. बारा व्होल्ट नव्हते, उचललेली सीट नव्हती. ती इतकी देखणी दिसत होती की ज्ञानेशला आधी अभिमान वाटला आणि मग, आपला तिच्यात एका नटाचाही हात नाही हे आठवून, मान खाली घालावीशी वाटली. मान खाली घातली तर तिथे त्याचा तक्ता होता. जमिनीवर अंथरलेला, तेलाने माखलेला, आणि त्याच्यावर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे नट ओळीने मांडलेले.

“तक्ता लय कामाला आला सायेब,” झिपरू म्हणाला. “एक नट हरवला नाय.”

मग त्याने चावी पुढे केली, एक चक्कर मारून बघा म्हणाला. ज्ञानेशने सांगितलं, आमच्यात पूजेआधी गाडीवर बसत नाहीत. झिपरूने मान डोलावली. ज्ञानेशने खिशातून डायरी काढली आणि, केवळ तपासणी म्हणून, त्याला गाडी सुरू करण्याची त्याची पद्धत विचारली. कोणत्या हाताने काय, कोणत्या पायाने काय. झिपरूने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सगळं शांतपणे सांगितलं. क्लच हळू सोडायचा, बाकी गाडी आपली आपण जाते. ज्ञानेशने ‘हळू’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी घरी तो पलंगाच्या कडेवर बसून डावा पाय हलवत होता, तेव्हा सुवर्णाने विचारलं की मुंग्या आल्या का. तो हो म्हणाला.

रविवारी सकाळी झिपरू स्वतःच गाडी चालवत मळ्यात आला. अंगात पांढरा, घडीच्या रेघा न मोडलेला शर्ट होता. दसऱ्याच्या बाजारातून उरलेल्या झेंडूच्या माळा गाडीला घातल्या. सरुबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्या मळ्यांतली माणसं जमली होती. झिपरूने एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि अकरा वर्षं बंद असलेला तो आवाज अंगणभर घुमला. सरुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आता कुणीतरी बसा, त्या म्हणाल्या.

“मामा, पहिली चक्कर तुमची,” ज्ञानेश घाईने म्हणाला.

“छे छे. जावयाचा मान आहे तो.”

“गाडी तुमची आणि काकांची.”

“उभी तुम्ही केली.”

“तुमच्या आधी मी बसणं बरं दिसणार नाही, मामा.”

“अहो, मी काय, म्हातारा माणूस.”

हे बराच वेळ चाललं. सासरा-जावयांचं एवढं प्रेम कुठे बघायला मिळत नाही, असं शेजारची एक बाई हळूच म्हणाली. शेवटी किशोर पुढे झाला आणि म्हणाला, तुम्ही दोघं नाही तर मी मारतो चक्कर. त्यावर दोघंही एकाच वेळी नको म्हणाले.

मग मोहिनीलाच सुचलं. दादा, तुम्ही आणि काका बसायचात तसे दोघं मिळून बसा. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत गोटीराम मागच्या सीटवर चढून बसले. दुखऱ्या गुडघ्याच्या मानाने त्यांची चपळाई बघण्यासारखी होती. आता पुढची सीट रिकामी होती, गाडी सुरू होती, आणि चाळीस डोळे ज्ञानेशकडे होते. तो बसला.

‘हळू’ त्याला आठवत होतं. काय हळू ते मात्र आठवेना. त्याने हाताला लागलं ते दाबलं, पायाने गिअर टाकला, मूठ पिळली आणि दुसऱ्या हातातलं जे होतं ते सोडून दिलं. गाडीने उडी मारली. अंगणातली माणसं बाजूला पळाली, गाडी विहिरीला वळसा घालून गेली, तो वळसा कुणी घेतला हे दोघांनाही पुढे सांगता आलं नाही, मग बांधावरून उडाली आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात आडवी होऊन बंद पडली. उद्या बाजारात न्यायची कोथिंबीर होती. माती मऊ होती, म्हणून कुणाचं हाड मोडलं नाही.

दोघं शेजारी शेजारी उताणे पडले होते. चोहीकडे कोथिंबिरीचा घमघमाट सुटला होता.

“जावईबापू,” गोटीराम हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला येत नाय का?”

ज्ञानेशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “नाही, मामा.”

गोटीराम आभाळाकडे बघत राहिले.

“मलाबी नाय येत,” ते म्हणाले. “सहादूनं लय वेळा शिकवायला घेतलं. मला भ्या वाटायचं. तो गेला तवा सगळे म्हणले, आठवणीनं हात लावत नाय. आठवण येतीच हो. पण चालवता येत असती तर चालवली असती.”

अंगणातून धावत येणारी पावलं ऐकू आली. गोटीरामांनी मान वळवून घाईघाईने सांगितलं, वायर अडकली म्हणा. किशोर सगळ्यात आधी पोचला आणि काय झालं म्हणून विचारलं. ज्ञानेशने सांगितलं, अ‍ॅक्सिलेटरची वायर अडकली.

दोघं धडधाकट आहेत हे बघितल्यावर किशोर झिपरूकडे वळला. त्याने आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. टपरीवर गाडी टाकली की असंच होतं, आमच्याकडे अशी चूक झाली तर माणसाला घरी पाठवतात, आज दोन जीव गेले असते. शेजारीपाजारी माना हलवायला लागले. कुणीतरी म्हणालं, मीही माझी गाडी याच्याकडे टाकणार होतो. सुवर्णाचा चेहरा पडला, कारण टपरी तिने शोधली होती.

झिपरूने गाडी उचलून उभी केली. मूठ फिरवली, ती आपोआप मागे आली. पुन्हा फिरवली, पुन्हा मागे आली. तो वायरवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेला. मग सुवर्णाकडे बघून म्हणाला, “ताई, माझ्याकडूनच काय राह्यलं असंल. मी परत खोलून देतो.” आणि त्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर दुमडायला लागला.

ज्ञानेशला वाटलं की वॉचमन पुन्हा उठून बसला आहे. फरक एवढाच की या वेळी समोरचा माणूस आपल्याकडे बघतसुद्धा नव्हता.

“वायरला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. “झिपरूची काही चूक नाही. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती.”

बांधावरची एक कोंबडी तेवढी बोलत होती.

“मग तक्ता?” सुवर्णाने विचारलं.

“तक्ता त्यामुळेच.”

तिने डोळे मिटून घेतले. अकरा महिने, टीव्ही सरकवलेला, हे सगळं त्या मिटलेल्या डोळ्यांमागे जुळत असलेलं ज्ञानेशला दिसलं. किशोर काहीतरी बोलणार होता, पण मोहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला. ज्ञानेश झिपरूपुढे गेला, हात जोडले, खोटं बोललो म्हणाला. झिपरू अवघडला.

“मला कालच कळलं व्हतं सायेब,” तो म्हणाला. “क्लच कोण्या हाताला असतो, असं इचारलं तुम्ही. पण चार लोकांत कसं सांगायचं.”

हे ऐकून ज्ञानेशला कोथिंबिरीत परत आडवं व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. गोटीराम होते. खरं बोलायला छाती लागते, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. ज्ञानेशने वाट पाहिली. मग त्यांच्याकडे बघितलं, तर ते मोडलेल्या कोथिंबिरीकडे बघत होते.

जेवणं झाली. पुरणपोळी होती, पण ज्ञानेशला तिची चव कळली नाही. आग्रह करायला येणारा प्रत्येक जण जरा जास्तच मायेने वाढत होता. झिपरू निघाला तेव्हा सरुबाई नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, त्याला बस थांब्यापर्यंत गाडीवर सोडून या. जावयाला येत नाय, तुम्ही तर हाये.”

गोटीरामांचा हात गुडघ्याकडे गेला. त्यांनी ज्ञानेशकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यापुढे ज्ञानेश जपून बोलत आला होता, त्या चेहऱ्यावर आता नेमकं तेच होतं जे मघाशी त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असणार. एक वाक्य बोललं असतं तर त्याची लाज निम्मी झाली असती. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं.

“मामी, मामांच्या गुडघ्याला मार बसलाय,” तो म्हणाला. “मी बघितलं.”

गोटीराम लगेच लंगडायला लागले. झिपरूला किशोरने त्याच राजदूतवर सोडलं. परत आला तो गाडीवरून उतरायलाच तयार नव्हता, आणि झिपरूसारखी माणसं आमच्याकडे पाहिजेत म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सातपूरला एका मोकळ्या मैदानावर झिपरू ज्ञानेशला गाडी शिकवू लागला. जावयाला एकट्याला कसं सोडायचं, लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे, असं सांगून गोटीरामही जात. मैदानावर दोघं आळीपाळीने बसत. ज्ञानेश तीन आठवड्यांत सरळ जायला शिकला. गोटीरामांना पाच लागले. ते पहिल्यांदा एकट्याने मैदानाला पूर्ण फेरी मारून आले, तेव्हा गाडीवरून उतरून टाकीवर हात ठेवून काही वेळ पाठमोरे उभे राहिले. ज्ञानेश आणि झिपरूने दुसरीकडे बघितलं.

त्या दिवशी गोटीराम घरी आले आणि हातपाय धुऊन पाटावर बसले. सरुबाई भाकरी थापत होत्या. जावयाला आता बरं जमायला लागलं, असं गोटीरामांनी सांगितलं.

सरुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं.

“आन तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

गोटीरामांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.